शनिवारची सुट्टी

१९३५ सालातला जर्मनीतला कुठलाही शनिवार डोळ्यांसमोर आणा. तिथल्या शाळा तेव्हा आठवड्याचे सहा दिवस भरायच्या, म्हणजे शनिवारीही दप्तर घेऊन निघायचंच. पण आज वर्गातले बरेचसे बाक रिकामे आहेत. ती मुलं गावाबाहेरच्या रानात गेली आहेत. अंगात तपकिरी शर्ट, गळ्यात काळा रुमाल, सोबत नकाशा, होकायंत्र आणि एक पडघम. दिवसभर चालायचं, लपाछपीचे लुटुपुटुचे डाव खेळायचे, शेकोटीभोवती बसून गाणी म्हणायची. आणि वर्गात? वर्गात उरलेल्या मोजक्या मुलांना गुरुजी राष्ट्रप्रेमाचे धडे देतायत. ही मुलं नापास झालेली नाहीत की त्यांनी काही खोडी काढलेली नाही. ती फक्त हिटलरच्या बालसंघटनेची सदस्य नाहीत.

हा नियमच होता. १९३४ मध्ये सरकारनं शनिवार हा 'राज्य युवा दिन' ठरवला. संघटनेतल्या दहा ते चौदा वयाच्या मुलामुलींना त्या दिवशी शाळा माफ, बाकीच्यांनी मात्र वर्गात यायचं. आता दहा वर्षांच्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. राजकारण तुम्हाला कळत नाही, वंशशुद्धी म्हणजे काय ते ठाऊक नाही. एवढंच कळतं की शेजारचा मित्र शनिवारी रानात जातो आणि आपण बाकावर बसतो. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही बाबांना काय म्हणाल?

हुकूमशाही आणि मुलं म्हटलं की आपल्या मनात एक ठरीव चित्र येतं. काळा फळा, छडी, भेदरलेली लेकरं, त्यांच्या कानात विष ओतणारा मास्तर. यातलं बरंचसं खरंही आहे. पण हिटलरच्या जर्मनीत मुलांची मनं ताब्यात घेण्याची सुरुवात छडीनं झाली नाही. ती अशा सुट्टीनं झाली.

*

हिटलर सत्तेवर आला ३० जानेवारी १९३३ला. त्याआधी, १९३२च्या अखेरीस, हिटलर यूथमध्ये जेमतेम एक लाख मुलं होती. पुढच्या एका वर्षात हा आकडा २३ लाखांवर गेला आणि १९३६च्या अखेरीस ५४ लाखांवर. म्हणजे एवढी मुलं आपखुशीनं धावत आली? तसं नाही. दरम्यान दुसरी दारं बंद होत होती. जर्मनीत तोवर मुलांच्या संघटनांची रेलचेल होती: स्काउटसारखी पथकं, कामगारांच्या मुलांचे गट, चर्चचे गट, नुसते डोंगरात भटकणारे गट. त्यांतल्या बऱ्याच १९३३ मध्येच मोडीत निघाल्या. प्रोटेस्टंट चर्चची युवा संघटना त्याच वर्षीच्या डिसेंबरात हिटलर यूथमध्ये विलीन करण्यात आली. कॅथलिक गट थोडे जास्त टिकले, पण १९३९पर्यंत तेही संपवले गेले. आता कॅम्पला जायचं, तर एकच दार उघडं होतं.

पण त्या दारातून आत गेल्यावर जे मिळायचं, ते खरंच भारी होतं, हे मान्य केल्याशिवाय ही गोष्ट समजत नाही. दहाव्या वर्षी प्रवेश, तोही बहुधा २० एप्रिलच्या, हिटलरच्या वाढदिवसाच्या, आदल्या दिवशी मशाली लावून. मग एक चाचणी. साठ मीटर बारा सेकंदांत धावायचं, पावणेतीन मीटर लांब उडी मारायची, चेंडू पंचवीस मीटर फेकायचा, दीड दिवसाची पायपीट करायची आणि नाझी पक्षाची ठरलेली माहिती घडाघडा म्हणून दाखवायची. पास झालं की कमरेला लावायला एक सुरी मिळायची. खरीखुरी सुरी! घरात भाजी चिरायच्या सुरीला हात लावला तरी आई ओरडते, आणि इथं सरकार स्वतःहून ती तुमच्या कमरेला बांधतंय.

त्याहून मोठी देणगी होती अधिकाराची. 'युवकांचं नेतृत्व युवकांनीच करायचं' हे या संघटनेचं ब्रीद होतं. दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या तुकडीवर तेरा-चौदा वर्षांचा नायक. त्याच्या वर सतरा-अठराचा. सगळ्यात वर बसलेला बाल्डुर फोन शिराख हा १९०७ सालचा, म्हणजे हिटलरनं त्याला साऱ्या जर्मन मुलांचा प्रमुख केलं तेव्हा फक्त सव्वीस वर्षांचा. घरी ज्याचं कोणी ऐकून घेत नव्हतं, असा पोरगा इथं शिट्टी वाजवली की तीस जणांना सावधान उभं करत होता. आपल्यापैकी जो कोणी शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात पहिल्या रांगेत चालला असेल, त्याला ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पडतात तेव्हा अंगावर कसा काटा येतो ते ठाऊक आहे. त्या काट्यात वाईट काही नाही. वाईट होतं ते त्याला कुणाच्या गाड्याला जुंपलं ते.

*

शाळेचा कायापालट त्या मानानं कंटाळवाणा होता, पण पक्का होता. जुलै १९३३पासून तासाच्या सुरुवातीला हात पुढे करून 'हाइल हिटलर' सुरू झालं. वंशशास्त्र हा विषय शिरला. व्यायामाचे तास वाढत वाढत आठवड्याला पाचावर गेले आणि धर्मशिक्षणाचे आटले. १९३७पर्यंत शंभरातले सत्त्याण्णव शिक्षक नाझी शिक्षक संघाचे सभासद झाले होते. त्यांतले मनापासून किती आणि नोकरीपायी किती, हा हिशेब आता लावता येणार नाही. वर्गातल्या मुलांना तरी तो कुठे लागत होता?

ज्यू मुलांना बाहेर काढणं टप्प्याटप्प्यानं झालं. एप्रिल १९३३च्या कायद्यानं उच्च शाळा आणि विद्यापीठांमधल्या नव्या प्रवेशांत त्यांचं प्रमाण दीड टक्क्यावर आणलं. १५ नोव्हेंबर १९३८ला, ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनाघरं फोडल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा जर्मन शाळांची दारं त्यांच्यासाठी पूर्ण बंद झाली. मधली पाच वर्षं ही मुलं वर्गातच होती आणि फळ्यावर स्वतःविषयीच काय काय लिहिलं जातंय ते बघत होती. १९३८ मध्येच 'विषारी भूछत्र' नावाचं चित्रांचं पुस्तक आलं. त्यात आई मुलाला रानात नेऊन खायची आणि विषारी अळंबी ओळखायला शिकवते आणि बोलता बोलता माणसांतली 'विषारी' जात कोणती ते सांगते. हे सांगण्यासाठी पुस्तकात आई निवडली आहे, हे मला त्या चित्रांपेक्षाही भयंकर वाटतं.

पण सगळ्यात थंड डोक्याचं काम गणिताच्या पुस्तकांनी केलं. त्यातल्या एका प्रसिद्ध उदाहरणाचा मथितार्थ असा: वेड्यांचं इस्पितळ बांधायला साठ लाख मार्क लागतात. कामगाराचं एक घर पंधरा हजारांत होतं. तर इस्पितळाच्या पैशात किती घरं झाली असती? उत्तर आहे चारशे. गणित अगदी बरोबर आहे. त्यात शिवी नाही, घोषणा नाही, हिटलरचं नावही नाही. मुलगा भागाकार करतो, चारशे लिहितो, बाई बरोबरची खूण करतात. या व्यवहारात एक गोष्ट कुणीच उच्चारत नाही, पण ती मुलाच्या मनात जाऊन बसते: इस्पितळातली ती माणसं कुणाची तरी घरं खातायत. १९३९च्या शरद ऋतूत सरकारनं मनोरुग्ण आणि अपंग माणसांना मारायची मोहीम गुपचूप सुरू केली. १९४१च्या ऑगस्टपर्यंत सहा केंद्रांमध्ये विषारी वायूनं सत्तर हजारांहून जास्त माणसं मारली गेली. ते गणित सोडवणारी मुलं तोवर मोठी झाली होती.

*

आता घराकडे येऊ, कारण डाव खरा तिथंच खेळला जात होता.

हिटलरनं हे लपवलं नव्हतं. नोव्हेंबर १९३३च्या एका भाषणात तो म्हणाला त्याचा आशय असा होता: विरोधक मला म्हणतो, मी तुमच्याकडे येणार नाही, मी त्याला शांतपणे सांगतो, तुझं मूल आधीच आमचं झालंय. पाच वर्षांनी राइशनबर्गच्या सभेत (आज ते चेक देशातलं लिबेरेत्स) त्यानं सगळी साखळीच उलगडून दाखवली. दहाव्या वर्षी बालसंघटना, चौदाव्या वर्षी हिटलर यूथ, मग पक्ष, श्रमसेवा, सैन्य. आणि मग ही मुलं जन्मभर मोकळी होणार नाहीत, असंही तो बोलला. उघड, टाळ्यांच्या गजरात.

१ डिसेंबर १९३६चा कायदा म्हणतो की आईबापांचं घर आणि शाळा यांच्याखेरीज हिटलर यूथ हीदेखील मुलांना घडवणारी जागा आहे. तिन्ही नावं अगदी शेजारी शेजारी, जणू बरोबरीची. प्रत्यक्षात घराच्या हातात काय उरलं? बुधवारी संध्याकाळी बैठक, शनिवारी-रविवारी कवायत, सुट्टीत कॅम्प. तेव्हाचा एक विनोद आहे: बाप पक्षाच्या दलात, आई महिला आघाडीत, मुलगा हिटलर यूथमध्ये, मुलगी मुलींच्या संघात. मग हे कुटुंब भेटतं कधी? वर्षातून एकदा, न्यूरेम्बर्गच्या पक्षमेळाव्यात!

मार्च १९३९ मध्ये सदस्यत्व सक्तीचं झालं. मुलाचं नाव न नोंदवणाऱ्या पालकाला दीडशे मार्कांपर्यंत दंड किंवा कोठडी. काहींच्या बाबतीत तेवढ्यावर भागलं नाही. हिटलरला सलाम करायला नकार देणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातल्या शेकडो मुलांना आईबापांपासून काढून घेण्यात आलं.

'तीन पैशाचा तमाशा'मुळे आपल्या ओळखीचा झालेला बर्टोल्ट ब्रेख्त परागंदा असताना हिटलरच्या राज्यातल्या भीतीवर एक नाटक लिहीत होता. त्यातल्या एका प्रवेशात रविवारची दुपार आहे. शिक्षक असलेला बाप पेपर वाचता वाचता सरकारविरुद्ध चार शब्द बोलून जातो. थोड्या वेळानं लक्षात येतं की मुलगा घरात नाही. कुठे गेला? काय ऐकलं त्यानं? नवरा-बायको घाबरून एकमेकांवर खेकसतात, काय बोललो होतो आणि त्याचा काय अर्थ लावता येईल याची उजळणी करतात. शेवटी मुलगा परततो. तो चॉकलेट आणायला गेला होता. नाटक तिथं सुटका करत नाही. मुलगा खरं बोलतोय का, हे त्यांना कळतच नाही. प्रत्यक्षात आईबापांची नावं कळवणारी मुलं आपण समजतो त्याहून कमी असतील, पण त्यानं फारसा फरक पडत नाही. स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर माणसानं आवाज खाली आणला की सरकारचं काम झालं.

*

मेलिटा माशमानला घरातून कुणी ओढून नेलं नव्हतं. उलट तिनं हे घरापासून लपवलं. ती बर्लिनमधली सुस्थितीतल्या घरातली मुलगी. आईवडील जुन्या वळणाचे राष्ट्रवादी, हिटलर त्यांना फारसा पसंत नव्हता. ३० जानेवारीच्या रात्री ते मुलांना मशालींची मिरवणूक दाखवायला घेऊन गेले. मेलिटा पंधरा वर्षांची होती. रांगेतली काही पोरं तिच्याच वयाची होती, आणि त्यांच्या चालण्यात जगण्यामरण्याचा गांभीर्यानं भरलेला आव होता. आपण मात्र काठावर उभे, आईचा हात धरून. तिलाही कुठल्यातरी मोठ्या गोष्टीचा भाग व्हायचं होतं. पुढच्या काही आठवड्यांत ती घरी न सांगता मुलींच्या संघात दाखल झाली.

पुढे ती संघाच्या प्रचारखात्यात चढत गेली. तिची एक ज्यू मैत्रीण होती, शाळेतली, अगदी जवळची. तिच्या घरच्यांच्या वर्तुळावर गुप्त पोलिसांसाठी पाळत ठेवायला ती तयार झाली. युद्धात ती जर्मनांनी बळकावलेल्या पोलंडमध्ये होती. पोलिश शेतकऱ्यांना घराबाहेर काढलं जात असताना ती तिथं कामावर होती. १९६३ मध्ये तिनं आत्मकथन लिहिलं, ते त्याच मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात. ते वाचताना राग येतो, कारण ती स्वतःची बाजू मांडत राहते. पण एक गोष्ट ती कबूल करते, जी फार कमी लोकांनी केली: मला कुणी फसवलं नाही, मला तिथं आनंद होत होता.

उल्म शहरातल्या शोल कुटुंबातही पाच मुलं होती आणि तीही अशीच धावत गेली. वडील रॉबर्ट शोल जुने उदारमतवादी. त्यांनी विरोध केला, वाद झाले, मुलं तरी गेलीच. थोरली मुलगी इंगे हिनं नंतर लिहिलंय की वडील हिटलरची तुलना हॅमेलिनच्या पुंगीवाल्याशी करायचे. गोष्ट आपल्यालाही ठाऊक आहे: आधी उंदीर जातात, मग मुलं. मुलांना अर्थातच हे म्हाताऱ्याचं रडगाणं वाटलं. हान्स पथकनायक झाला, धाकटी सोफीसुद्धा नायिका झाली.

मग हान्सची न्यूरेम्बर्गच्या मेळाव्यात झेंडा न्यायला निवड झाली. घरी कौतुक, गावात कौतुक. तो परत आला तो गप्प होऊन. तिथं दिवसभर नुसती कवायत, एकाच छापाचे चेहरे, एकाच छापाची वाक्यं. त्याआधीही त्याला टोचण्या बसल्याच होत्या. शेकोटीपाशी तो गिटारवर रशियन आणि नॉर्वेजियन गाणी म्हणायचा, ती बंद करायला सांगितलं गेलं. मग झेंड्याचं प्रकरण झालं. त्याच्या पथकातल्या पोरांनी स्वतःच्या हातांनी एक झेंडा शिवला होता, वर एक काल्पनिक प्राणी. वरिष्ठ म्हणाला, ठरलेला झेंडा सोडून दुसरा चालणार नाही, हा इकडे दे. बारा वर्षांचा पोरगा तो छातीशी धरून उभा. हान्सनं वरिष्ठाच्या मुस्काटात मारली.

मला ही घटना महत्त्वाची वाटते ती यासाठी, की हान्स तेव्हा हिटलरविरोधी नव्हता. ज्यूंचं काय चाललंय यावर त्यानं ही थप्पड मारली नव्हती. संघटनेनं त्याला मैत्री, गाणी आणि आपलेपण देऊ केलं होतं. ते त्यानं खरं मानलं आणि मागितलं, तेव्हा कळलं की दिलेलं काहीच त्याचं नव्हतं. तिथून पुढची वाट लांब होती. १९३७च्या अखेरीस बंदी घातलेल्या युवागटाशी संबंध ठेवल्यावरून शोल भावंडांना पकडलं. १९४२ मध्ये वडिलांना चार महिन्यांची कैद झाली, कारण कचेरीत ते हिटलरला ईश्वराचा कोप म्हणाले आणि तिथल्याच एका कर्मचारी बाईनं ते वर कळवलं. १८ फेब्रुवारी १९४३ला म्युनिक विद्यापीठात 'व्हाइट रोझ'ची पत्रकं टाकताना हान्स आणि सोफी सापडले. चार दिवसांनी, खटला चालला त्याच दिवशी, त्यांचा शिरच्छेद झाला. तो चोवीसचा, ती एकवीसची. दोघंही एकेकाळी त्या शनिवारच्या रानातलीच मुलं.

*

सक्ती झाली तशी मजा गेली, हेही नोंदवायला हवं. तरुण नायक लढाईवर गेले, त्यांच्या जागी आणखी कोवळे आले, आणि बैठका म्हणजे निव्वळ हजेरी आणि कवायत झाल्या. कोलोन आणि रुहरच्या भागात चौदाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात लागलेल्या पोरापोरींनी स्वतःच्या टोळ्या केल्या. चौकड्यांचे शर्ट, कोटावर रानफुलाचा बिल्ला, गिटार, मुलंमुली एकत्र. त्यांना 'एडलवाइस पायरेट्स' म्हणत. हिटलर यूथच्या गस्तीपथकांशी त्यांच्या मारामाऱ्या व्हायच्या. नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलोनच्या एहरेनफेल्ड भागात भर रस्त्यात तेरा जणांना फाशी दिलं. त्यांतला एक सोळा वर्षांचा होता आणि त्याचं या टोळ्यांत येणंजाणं होतं. हांबुर्गच्या हेल्मुट ह्यूबनरनं बीबीसीच्या बातम्या ऐकून पत्रकं वाटली. १९४२ मध्ये त्याचा शिरच्छेद केला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

बाकीच्यांची रवानगी कुठे झाली ते ठाऊक आहेच. १९४३ मध्ये हिटलर यूथमधल्या सतरा वर्षांच्या मुलांची एक अख्खी चिलखती डिव्हिजन उभी राहिली. पुढच्या जूनमध्ये ती नॉर्मंडीत उतरली, तिनं शरण आलेले कॅनेडियन सैनिक गोळ्या घालून मारले आणि स्वतःही चिरडली गेली. मार्च १९४५चं एक चित्रण आजही मोबाइलवर सहज सापडतं. कॉलर वर केलेला, वाकलेला हिटलर मुलांच्या रांगेपुढून चालतोय आणि एकाच्या गालावर थोपटतोय. त्या रांगेतला सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा होता, १९३२ साली जन्मलेला. ज्या शाळेत मास्तर हात वर करून शिरत नाही, अशी शाळा त्यानं पाहिलीच नव्हती.

बाल्डुर फोन शिराखवर न्यूरेम्बर्गला खटला चालला. एका पिढीला आपण अशा माणसासाठी वाढवलं जो लाखोंचा खुनी निघाला, हा आपला दोष आहे, असं त्यानं साक्षीत कबूल केलं. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, पण ती व्हिएन्नातल्या ज्यूंची हद्दपारी केल्याबद्दल. मुलांचं जे केलं, त्याचं कलम न्यायालयापाशी नव्हतं. आक्रमक युद्धाच्या कटाच्या आरोपातून तो सुटला.

युद्धाच्या शेवटी दोस्तांनी शाळा बंद केल्या आणि नाझी पुस्तकं बाद ठरवली. पण मुलांना वाचायला, गणितं करायला काहीतरी द्यायला हवं होतं. नवी पुस्तकं लिहायला वेळ नव्हता, म्हणून हिटलरपूर्वीची जुनी क्रमिक पुस्तकं शोधून पुन्हा छापली. या पुस्तकांच्या सुरुवातीला एक सूचना छापलेली असायची. हे पुस्तक पुन्हा छापलंय याचा अर्थ ते सर्वस्वी निर्दोष आहे असं नाही, सध्या मिळालेलं हेच त्यातल्या त्यात बरं आहे आणि जर्मनीत याहून चांगली पुस्तकं तयार होईपर्यंत यावरच भागवावं, असा तिचा मजकूर होता. १९४५ मध्ये बाक पुन्हा भरले, तेव्हा ज्या मुलांना बारा वर्षं एकही पुस्तक चुकीचं असू शकतं असं कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी पहिलं पान उघडलं आणि तिथं ते वाचलं.